क्रिस्टा ऑटोमॅटिकचं पॉवर मोड: फोंडा घाटात बटण दाबायचं की नाही?

राधानगरी_रोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे 2018 ची इनोव्हा क्रिस्टा आहे. 2.8 डिझेल, ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. याआधी घरात सगळ्या गाड्या हाताच्या गिअरच्या होत्या, त्यामुळे ऑटोमॅटिकशी आमची ओळख नवी आहे. घरात लांबचं ड्रायव्हिंग मीच करते. माझं माहेर कणकवलीकडचं. म्हणजे कोल्हापूर, हळदी, परिते, राधानगरी, दाजीपूर आणि मग फोंडा घाट, हा आमचा कायमचा रस्ता.

गिअरच्या लिव्हरजवळ दोन बटणं आहेत, एक इको आणि एक पॉवर. पॉवर दाबलं की मीटरमध्ये तशी खूण येते आणि गाडी एकदम हलकी झाल्यासारखी वाटते. पायाचा नुसता अंगठा टेकवला तरी पुढं झेपावते. याबद्दल जो भेटेल तो वेगळं सांगतो. यजमानांचे एक मित्र म्हणतात, घाट लागला की बटण दाबायचं आणि विसरून जायचं. गाडी जिथं दाखवतो त्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं, पॉवरवर चालवाल तर गिअरबॉक्समधल्या प्लेटा जळतील, हात लावू नका. माझा दीर म्हणतो, ॲव्हरेज निम्म्यावर येतं. यातलं खरं कुठलं?

माझी खरी अडचण चढाची आहे. कणकवलीहून परत येताना वळणाच्या आधी मी पाय उचलते, तेव्हा आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा खाली येतो. वळण संपल्यावर पाय दिला की क्षणभर काहीच होत नाही, मग इंजिन घूं करून ओरडतं आणि काटा वर उडी मारतो. लगेच पुढचं वळण आणि पुन्हा तेच. प्रत्येक वेळी गाडीला एक हिसका बसतो. सासूबाईंना गाडी लागते. निम्म्या घाटातच त्या डोळे मिटून पिशवी हातात घेतात, आणि मला गाडी चालवण्यापेक्षा आरशात त्यांचा चेहरा बघण्याचंच टेन्शन जास्त असतं.

पॉवर मोडनं हे थांबेल की वाढेल? आणि जाताना, म्हणजे घाट उतरताना, ते चालू ठेवायचं की बंद? मॅन्युअल वाचलं, पण त्यात बटण कुठं आहे आणि खूण कशी दिसते एवढंच नीट कळलं. आत नेमकं काय बदलतं ते कुणीतरी मराठीत समजावून सांगा.

---

शाहूपुरीकर

ताई, बिनधास्त दाबा. माझी फॉर्च्युनर आहे, हायवेला आणि घाटात मी पॉवरवरच असतो, गाडीची ताकदच वेगळी होते. गळिताच्या हंगामात परित्याच्या पुढं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर लागतात, तेव्हा नॉर्मलवर ओव्हरटेक काढायचा म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागतं. पॉवरवर एका दमात निघतो. बॉक्स वगैरे काही जळत नाही, कंपनीनं बटण दिलंय ते वापरायलाच.

---

उद्यमनगर_गिअरबॉक्स

ताई, प्रश्न चांगला मांडलाय, म्हणून सविस्तर लिहितो. शिवाजी उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे. आयुष्य गिअरबॉक्स उघडण्यात गेलं, त्यात अलीकडची बरीच वर्षं ऑटोमॅटिकचीच. घाटात वापरल्या जाणाऱ्या गाड्या माझ्याकडं जास्त येतात, कारण आपल्या जिल्ह्यातून कोकणात उतरायचं तर आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली यातला एक तरी घाट लागतोच.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पॉवर मोडनं इंजिनची ताकद वाढत नाही. शाहूपुरीकर दादा, तुम्हाला जे जाणवतं ते खरं आहे, पण त्याचं कारण दुसरं आहे. क्रिस्टाचं हे 2.8 इंजिन 3400 आरपीएमला 174 पीएस देतं आणि 360 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. पेडल तळाला टेकवलंत की इको असो, नॉर्मल असो, पॉवर असो, इंजिन देणार तेवढंच. फरक पडतो तो पाय अर्धा-पाव दिलेला असताना.

आताच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलखाली सेन्सर असतो, तो पाय किती दाबलाय ते कॉम्प्युटरला सांगतो, आणि इंजिनकडून किती काम घ्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. मोडचं बटण या ठरवण्यात बदल करतं. तुम्ही थोडाच पाय दिलात तर नॉर्मलमध्ये इंजिन थोडंच जागं होतं, पॉवरमध्ये तेवढ्याच पायाला बरंच जास्त, आणि इकोमध्ये त्याहून कमी. मॅन्युअल गिअरच्या क्रिस्टालाही इको आणि पॉवरची बटणं येतात. तिथं गिअर तर तुमच्या हातात असतो, मग बटण काय बदलणार? पायाचा हिशेब, तेवढाच.

ऑटोमॅटिकमध्ये मात्र त्यावर आणखी एक परिणाम होतो. बॉक्स गिअर कशावरून बदलतो? मुख्यतः दोन गोष्टींवरून: गाडीचा वेग, आणि चालक किती ओढ मागतोय. पॉवरमध्ये तुमचा तोच पाय जास्त मागणी म्हणून पोचतो, त्यामुळे बॉक्स वरचा गिअर उशिरा टाकतो आणि खालचा लवकर टाकतो. काही गाड्यांत याच्या जोडीला गिअर बदलण्याचे वेगही मोडप्रमाणे वेगळे ठरवलेले असतात. 1980 च्या दशकातल्या जपानी ऑटोमॅटिक गाड्यांत नॉर्मल आणि पॉवर असं स्विच यायचं, ते मुळात याच कामासाठी. म्हणजे ही काही नवी चैन नाही, इलेक्ट्रॉनिक बॉक्स आले तेव्हापासून आहे.

आता तुमचा हिसका. तुम्ही काट्याचं जे वर्णन केलंय त्यावरून सांगतो. वळणाआधी तुम्ही पाय उचलता. बॉक्सला वाटतं चढ संपला, आता ओढ नको, म्हणून तो वरचा गिअर टाकतो. वळणातून बाहेर पडून तुम्ही पाय देता. वरच्या गिअरमध्ये गाडी चढ ओढत नाही, मग तो एक गिअर खाली येतो, कधी दोन. खाली येताना टॉर्क कन्व्हर्टरचं, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांना तेलानं जोडणाऱ्या भागाचं, लॉक सुटतं, इंजिन उसळतं, आणि तो क्षणभराचा थांबा आणि मागून हिसका तुम्हाला जाणवतो. चढ संपायच्या आत बैलाला सैल सोडावं आणि परत चाबूक उगारावा, तसं प्रत्येक वळणाला चाललंय. बॉक्स बिघडलेला नाही. त्याला पुढचं वळण दिसत नाही, एवढंच.

पॉवर मोडनं हे कमी होईल, पण पूर्ण थांबणार नाही. कारण तुम्ही पाय पुरता उचललात तर पॉवरमध्येही बॉक्सला मागणी शून्यच दिसते. शिवाय पेडल तिखट झालेलं असतं, त्यामुळे पाय जड पडला तर सासूबाईंना उलट जास्त त्रास होईल.

तुमच्या कामाची चीज बटणात नाही, लिव्हरमध्ये आहे. डी वरून, म्हणजे पुढं जायच्या नेहमीच्या जागेवरून, लिव्हर बाजूला घेतली की एस येतो आणि अधिक-उणेनं आकडा बदलता येतो. मीटरमध्ये चार दिसला म्हणजे गाडी चौथ्यातच अडकली असं नाही. चौथ्याच्या वर जायचं नाही, खाली गरजेप्रमाणे बॉक्स स्वतः येईल, असा त्याचा अर्थ. फोंडा घाट चढायला लागलात की तीन करा, मोकळा चढ आला की चार. मग वळणाला पाय उचललात तरी वरचा गिअर पडणारच नाही, आणि परत पाय दिलात की गाडी लगेच ओढायला लागेल. आरपीएम थोडे जास्त दिसतील, आवाजही थोडा वाढेल, घाबरू नका. या इंजिनचा 360 चा टॉर्क 1200 पासून 3400 आरपीएमपर्यंत सपाट आहे. काटा दोन-अडीच हजारावर खेळत असेल तर इंजिन अगदी आरामात आहे. ते चार हजारांपर्यंत ओरडवून काही जादा मिळत नाही.

आता उतार. इथं मी कळकळीनं लिहितोय, नीट वाचा. पॉवर मोड हे ब्रेक लावण्याचं साधन नाही. घाट उतरताना पाय पेडलवर नसतोच, मग पेडलचा हिशेब बदलून काय उपयोग? काही गाड्यांचे बॉक्स उतार ओळखून स्वतः खालचा गिअर टाकतात, पण दोन टनांच्या आसपासची, माणसांनी आणि सामानानं भरलेली गाडी त्यांच्या भरवशावर सोडू नका. दाजीपूर सोडून घाटाच्या तोंडाशी आलात की वेग आधी कमी करा आणि मगच एस मध्ये तीन करा, तीव्र उताराला दोन. वेग जास्त असताना खालचा गिअर मागितलात तर बॉक्स तो नाकारतो, ते इंजिनच्या सुरक्षेसाठी असतं. डिझेल इंजिनची अडवण्याची ताकद पेट्रोलपेक्षा कमी, म्हणून गिअर एक पायरी खालचाच बरा.

घाट उतरून फोंड्यात चहाला थांबलेल्या गाड्यांच्या जवळून एकदा चालत जा. निम्म्या गाड्यांच्या पुढच्या चाकांतून जळका वास येत असतो. डी मध्ये सोडून दिलेली गाडी आणि सतत ब्रेकवर टेकवलेला पाय, याचा तो वास. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, जुनं झालं की कमी तापमानाला उकळतं, आणि मग पेडल स्पंजसारखं खाली जातं. गाडी सेकंडहँड आहे, आधीच्या मालकानं ब्रेक ऑईल कधी बदललं ते माहीत नसेल तर पावसाच्या आधी बदलून घ्या.

आणि न्यूट्रल करून उतरणारे लोक आहेत, डिझेल वाचतं म्हणतात. वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असून पाय काढलेला असेल तर चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर डिझेल देणं बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिनला स्वतः चालू राहायला डिझेल लागतंच, वर गाडी अडवायला फक्त ब्रेक उरतात.

प्लेटांचं गॅरेजवाल्यांनी सांगितलं ते पॉवर मोडला लागू नाही. ऑटोमॅटिकच्या आत क्लच प्लेटांचे संच असतात, हे खरं. त्या जळतात तेल तापल्यानं आणि तेल खराब झाल्यानं. तेल कशानं तापतं ते सांगतो. इंजिन आणि बॉक्स यांच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनकडचं चाक तेल फेकतं आणि ते तेल बॉक्सकडच्या चाकाला फिरवतं. दोन चाकांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी उष्णता. वेग जुळले की लॉक-अप क्लच दोघांना एकत्र धरतो आणि उष्णता थांबते. सगळ्यात वाईट परिस्थिती कुठली? घाटात ट्रक अडकलाय, रांग लागलीय, आणि चढावर ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीय. एक चाक फिरतंय, दुसरं थांबलंय, सगळी ताकद तेल तापवण्यात चाललीय. हे कधी करू नका. ब्रेक दाबा, जास्त वेळ थांबायचं असेल तर पी (पार्किंग) करा आणि हँडब्रेक ओढा. दुसरी सवय म्हणजे गाडी मागं सरकत असतानाच आर (रिव्हर्स) वरून डी करणं. आधी पूर्ण थांबा. माझ्याकडं उघडायला आलेल्या बॉक्सांत या दोन सवयी आणि जुनं काळं तेल, हीच कारणं जास्त दिसतात. पॉवरच्या बटणानं मेलेला बॉक्स मला अजून दिसलेला नाही.

ॲव्हरेजबद्दल: पडतं, पण निम्म्यावर येत नाही. बटण स्वतः डिझेल पीत नाही, त्यामुळे जड झालेला पाय पितो. पॉवरवर सावकाश चालवलीत तर फरक थोडाच राहील.

कुठं दाबायचं? ओव्हरटेकला, हे शाहूपुरीकर दादांचं बरोबर आहे. पण ओव्हरटेक सुरू करायच्या आधी दाबा, मधेच नको. पाय दाबलेला असताना बटण दाबलंत तर तेवढ्याच पायाला इंजिन अचानक जास्त देतं आणि गाडी उसळते. पाय हलका करा, बटण दाबा, मग पाय द्या. सलग मोठा चढ असेल, गाडी माणसांनी भरलेली असेल, तेव्हाही चालेल. महाद्वार रोडला, बिंदू चौकात, रंकाळ्याच्या संध्याकाळच्या गर्दीत नको. तिथं पेडल मऊ असलेलंच बरं.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये घाटात नको. क्रिस्टाची ओढ मागच्या चाकांना असते. फोंडा घाटात पावसाळ्यात डांबरावर पाला आणि शेवाळ असतं, धुकं एवढं की समोरचं वळण दिसत नाही. तिथं तिखट पेडलनं मागचं चाक फिरायला वेळ लागत नाही. नॉर्मल आणि एस तीन, एवढं पुरे.

सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा आणि लांबचा रस्ता बघायला सांगा. डोळे मिटल्यावर काहींना बरं वाटतं, पण बहुतेकांना नजर रस्त्यावर असली की त्रास कमी होतो. वळणाआधी वेग थोडा लवकर कमी करा आणि वळणात पाय हलकासा दिलेला ठेवा. एकदम सोडणं आणि एकदम देणं बंद झालं की निम्मं काम झालं.

---

पन्हाळा_रोज

काकांचं लिहिणं वाचून जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण एक विचारतो. माझी गाडी एएमटी आहे, छोटी पेट्रोल. नोकरीसाठी रोज पन्हाळ्याला चढतो. तिलाही स्पोर्ट मोड आहे. वाघबीळ सोडून वर चढायला लागलं की ती गिअर बदलताना डोकं पुढं-मागं हलतं. हेच सगळं तिलाही लागू होतं का?

---

उद्यमनगर_गिअरबॉक्स

@पन्हाळा_रोज, थोडं लागू, थोडं नाही. तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नाहीच. आत साधा मॅन्युअल बॉक्स आणि साधी क्लच प्लेट आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी यंत्र करतं. गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते, म्हणून डोकं हलतं. स्पोर्टमध्ये गिअर उशिरा बदलतो, म्हणून तोडण्याची वेळ कमी येते. चढाला स्पोर्टपेक्षा मॅन्युअलवर टाकून दुसरा-तिसरा धरून ठेवा. गिअर बदलायच्या क्षणी पाय जरासा सैल सोडलात तर हिसका बराच कमी होईल.

एक मात्र तुमच्या गाडीला माझ्या वरच्या सांगण्यापेक्षा जास्त लागू आहे. चढावर ॲक्सिलरेटरनं गाडी तोलून धरू नका. क्रिस्टात तेल तापतं आणि ते थंडही होतं. तुमच्याकडं सरळ प्लेट घासते, आणि घासलेली प्लेट परत येत नाही. ज्योतिबाच्या यात्रेत चढावर रांग लागते तेव्हा हमखास हेच होतं. ब्रेक आणि हँडब्रेक वापरा.

सीव्हीटी असलेल्यांनी यातलं गिअरचं सगळं सोडून द्या. तिथं पायऱ्या नसतात, दोन पुली आणि पट्टा असतो. स्पोर्टमध्ये ती फक्त इंजिन जास्त आरपीएमवर ठेवते. उताराला मात्र एस किंवा एल वर टाकायचा नियम तोच.

---

शाहूपुरीकर

काका, पेडल तळाला टेकवलं की तिन्ही मोड सारखेच, हे नव्यानं कळलं. सकाळी गगनबावड्याच्या रस्त्याला मोकळ्या पट्ट्यात बघितलं. नॉर्मलवर पाय पूर्ण दिला तरी गाडी तशीच सुटली, फक्त पाय खोलवर न्यावा लागला. म्हणजे ओव्हरटेकला बटण शोधत बसण्यापेक्षा पाय पूर्ण दिला तरी चालतं की?

---

उद्यमनगर_गिअरबॉक्स

चालतं दादा. त्यालाच किकडाऊन म्हणतात, पेडल खाली गेलं की बॉक्स जमेल तेवढे गिअर खाली येतो. बटणाचा फायदा एवढाच की गिअर आधीपासून खाली असतो, त्यामुळे वाट बघावी लागत नाही. दोन ट्रॉल्यांच्या उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायला रस्ता केवढा लांब लागतो ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात सुरुवातीची ती ढिलाईच नडते. आणि रात्री मागच्या ट्रॉलीला लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी नसेल तर नुसत्या अंदाजानं निघू नका, पुढं आणखी एक ट्रॉली जोडलेली असते.

---

राधानगरी_रोड

काका, मनापासून आभार. माहेरी जाऊन आले, म्हणून उशिरा लिहितेय.

जाताना दाजीपूरच्या पुढं गाडी बाजूला घेऊन थांबले, लिव्हर बाजूला घेतली, तीन केलं. इंजिनचा आवाज वाढला तसं यजमान म्हणाले, काहीतरी चुकतंय, परत डी कर. मी तसंच ठेवलं. पहिल्या मोठ्या वळणालाच फरक कळला. ब्रेकवर पाय ठेवायच्या आधीच गाडी धरल्यासारखी हळू होत होती. एका ठिकाणी दोन केलं तर मीटरनं टिकटिक आवाज केला आणि आकडा तीनच राहिला, तेव्हा तुमचं नाकारण्याचं वाक्य आठवलं. वेग कमी करून पुन्हा मागितला तर मिळाला. फोंड्यात उतरल्यावर मुद्दाम चाकाजवळ जाऊन बघितलं, वास नव्हता. शेजारच्या गाडीला होता.

परत येताना सासूबाई पुढं बसल्या. घाट चढताना तीन, मधे एक सरळ पट्टा आला तेव्हा चार. काटा दोन हजाराच्या वर-खाली हळूहळू फिरत होता, ती उडी नाही. पॉवर दाबलंच नाही. निम्म्या घाटात सासूबाईंनी स्वतःहून विचारलं, ती कोकमाची बाटली मागं ठेवलीस ना, सांडणार नाही ना? घाटात त्या बोलल्या, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं. वरती जंगलात रस्त्याच्या कडेला तीन गवे उभे होते. गाडी लांबच थांबवून, दिवे खाली करून, ते जाईपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून थांबलो. ॲक्सिलरेटरवर नाही.

अजून एक गोष्ट सापडली. गाडी घेतल्यापासून इकोचं बटण चालूच असायचं, आधीच्या मालकांनी तसंच ठेवलं होतं. ते बंद केल्यावर पेडल जागेवर आलं, आणि एसीही जास्त थंड लागायला लागला. मे महिन्यात मी एसीचा गॅस भरून घ्यायच्या विचारात होते. याचा काही संबंध आहे का?

आणि दोन प्रश्न. गॅरेजवाले म्हणतात, ऑटोमॅटिकचं ऑईल आयुष्यभर बदलायचं नसतं. गाडी आता 90 हजारांच्या पुढं गेलीय. दुसरं, यजमान हायवेला क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लावतात आणि राधानगरीच्या पुढंही तसंच ठेवतात. चढाला ते चालेल का?

---

उद्यमनगर_गिअरबॉक्स

ताई, वाचून फार समाधान वाटलं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

एसीचा संबंध आहेच. इको मोड पेडल मऊ करतो आणि एसीलाही आवर घालतो, म्हणजे कॉम्प्रेसरचा भार इंजिनवर कमी पडावा. भर उन्हात, गाडी भरलेली असताना इको बंदच ठेवा. गॅस भरायच्या आधी नॉर्मलवर चालवून बघा. पुरेसं थंड होत असेल तर पैसे वाचले.

ऑईल आयुष्यभर चालतं असं मी मानत नाही. कंपन्यांच्या देखभालीच्या तक्त्यात साध्या वापराला एक आणि जड वापराला दुसरा कालावधी असतो. घाट, भरलेली गाडी, ओढलेली ट्रॉली हा जड वापर. माझ्याकडं येणाऱ्या घाटातल्या गाड्यांचं ऑईल मी 80 हजारांच्या आत बदलतो. तुमचं झालेलं नसेल तर आता करून घ्या. या तीन गोष्टी पक्क्या करा: ऑईल टोयोटाच्या डब्ल्यूएस दर्जाचंच हवं, दुसरं कुठलंही लाल ऑईल नको. पातळी ठराविक तापमानालाच तपासायची असते, थंड गाडीवर अंदाजे भरलेली चालत नाही. आणि काढलेलं ऑईल तुमच्यासमोर बघा. गडद झालेलं असेल तर हरकत नाही, जळका वास येत असेल किंवा त्यात चमकणारे कण दिसले तर थांबा, पॅन उघडून आतलं चुंबक बघायला सांगा. त्यावर बारीक राखेसारखा थर असतोच, ते चालतं. धातूचा कीस दिसला तर मला कळवा.

मशीन लावून सगळं जुनं ऑईल एकदम धुऊन काढतो असं कुणी म्हणालं तर गाडीचा पूर्वेतिहास माहीत नसताना ते करू नका. निम्मं काढून नवं भरायचं, काही हजार किलोमीटरनं पुन्हा तसंच करायचं. वेळ जातो, पण जुन्या बॉक्सला ते मानवतं.

क्रूझ कंट्रोल घाटात बंद. चढाला वेग पडला की तो पेडल स्वतः जोरात देतो, बॉक्स दोन गिअर खाली येतो आणि तुमचा तो हिसका पुन्हा सुरू होतो. वळणाला वेग कमी करायचं त्याला कळत नाही, आणि उताराला तर तो लावूच नये. राधानगरी गावाच्या आधीच बंद करायला सांगा, पुढं वळणं सुरू होतात आणि जंगलात गवे कधी रस्त्यावर येतील सांगता येत नाही.

घाटात अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, असा वाहतुकीचा नियम आहे. तुम्ही उतरत असाल तेव्हा थांबायचं तुम्ही, आणि ब्रेकवर थांबायचं. ऑईलचं काम झालं की काढलेल्या ऑईलचा फोटो इथं टाका, बघून सांगतो.